सोमवारी रुसणारा संगणक

एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात घडलेली ही गोष्ट आहे. दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता आणि वार होता सोमवार. सकाळी लेखनिक भाऊसाहेबांनी संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली. एफ-१ ही कळ दाबली की ती ओळ जाते आणि संगणक पुढे चालू लागतो, हे त्यांना सवयीने ठाऊक झाले होते. त्यांनी कळ दाबली. थोड्या वेळाने नेहमीचे चित्र दिसू लागले. मग ते अर्ज भरण्याचे संकेतस्थळ उघडायला गेले, तो पडद्यावर लाल खूण आणि तिच्याखाली बराचसा इंग्रजी मजकूर! संकेतस्थळ काही केल्या उघडेना.

“इंटरनेट गेलं वाटतं,” भाऊसाहेब म्हणाले.

“व्हायरस शिरला असेल,” एका शिक्षकांनी आपले मत दिले.

“हा संगणकच जुना झाला आता. नवा घ्यायला हवा,” मुख्याध्यापक म्हणाले. आणि कोपऱ्यातून कोणीतरी हळूच पुटपुटले, “भाऊसाहेब काहीतरी भलतंच दाबत असणार!”

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. कारण हे पहिल्यांदाच घडत नव्हते. गेल्या दोन सोमवारीही असेच झाले होते. दोन्ही वेळा तालुक्याहून दुरुस्तीवाला आला. त्याने केबल बदलली, नको असलेल्या फाइली पुसल्या, ब्राउझर काढून पुन्हा बसवला, तारीख-वेळ ठीक केली आणि व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम चालवला. संगणक सुरू झाला आणि शनिवारपर्यंत उत्तम चालला. सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

मित्रांनो, हा संगणक सोमवारीच का रुसत होता? उत्तर सांगण्यापूर्वी कार्यालयातला संगणक कसा मांडतात, तो कसा जागा होतो आणि बिघडला तर दोष कसा शोधतात, हे आपण समजून घेऊ. मग कदाचित उत्तर तुम्हीच सांगाल.

मांडणी

संगणकाचे निम्मे दुखणे तो चुकीच्या जागी ठेवल्यामुळे होते. पहिली गोष्ट हवा. संगणकातील मुख्य प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, काम करताना तापतो. त्याची उष्णता पंखा बाहेर टाकतो. संगणकाची पेटी भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवली, तर तीच गरम हवा पुन्हा आत खेचली जाते. खडूची धूळ पंख्यावर आणि धातूच्या पातळ पात्यांवर साचली, तरीही हाच परिणाम होतो. फार तापल्यावर प्रोसेसर आपला वेग आपणहून कमी करतो आणि तरीही तापमान वाढतच राहिले, तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद पडतो. सकाळी झपझप चालणारा संगणक दुपारी सुस्तावत असेल, तर व्हायरसचा संशय घेण्याआधी पेटीच्या मागच्या जाळीकडे पाहावे.

दुसरी गोष्ट वीज. तीन पिनांच्या प्लगमधील सर्वांत जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. ती लांब का? तर प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. काही कार्यालयांत संगणकाच्या धातूच्या पेटीला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. संगणकाच्या वीजपुरवठा करणाऱ्या भागात विजेतील खरखर गाळणारे छोटे धारित्र, म्हणजे कपॅसिटर असतात. ते थोडासा प्रवाह पेटीकडे सोडतात. अर्थिंग चांगले असेल, तर तो मुकाट्याने जमिनीत जातो. नसेल, तर तुमच्या बोटांतून जायला पाहतो. म्हणून झिणझिण्या आल्या की संगणकाला दोष न देता वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे.

वीज अचानक गेली तर काम वाया जाऊ नये, म्हणून संगणकाला यूपीएस जोडतात. त्यातील बॅटरी काही मिनिटे वीज देते. तेवढ्यात काम जतन करून संगणक नीट बंद करायचा असतो. मात्र लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये. कागदावरची शाईची पूड वितळवून चिकटवण्यासाठी त्यातील रूळ सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. त्या क्षणी प्रिंटर एवढा प्रवाह ओढतो, की बिचाऱ्या यूपीएसचा जीव कासावीस होतो.

तिसरी गोष्ट माणूस! पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. पडदा हातभर अंतरावर असावा आणि खिडकीचा उजेड त्यावर थेट पडू नये. संगणकाची देखभाल करताना तो वापरणाऱ्याची मान आणि डोळे विसरून कसे चालेल?

बटण दाबल्यावर काय होते?

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची, दिशा बदलणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असते. संगणकातील भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी कमी दाबाची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हे रूपांतर करणाऱ्या पेटीला एसएमपीएस म्हणतात. तिच्यातील इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर अगदी लहान असला तरी पुरतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. संगणक बंद केला, तरी भिंतीवरचा स्विच चालू असेल, तर एसएमपीएस ५ व्होल्टचा एक बारीकसा पुरवठा चालूच ठेवते. घरातले सगळे झोपले, तरी देवघरात समई तेवत राहावी, तसा. तुम्ही बटण दाबल्याचे संगणकाला कळते ते या पुरवठ्यामुळे. आपल्या गोष्टीत ही समई महत्त्वाची ठरणार आहे.

बटण दाबले की सर्वप्रथम एक छोटा, कायम साठवलेला प्रोग्रॅम जागा होतो. त्याचे जुने नाव बायोस. आजच्या संगणकांत त्याची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली आहे. हा प्रोग्रॅम शाळेतील हजेरीसारखा एकेका भागाला हाक मारतो. स्मृती हजर? कीबोर्ड हजर? डिस्क हजर? सगळे ठीक असले, तर तो डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली स्मृतीत आणायला सुरुवात करतो. एखादा भाग गैरहजर असला, तर बीप वाजवून, दिवा लावून किंवा पडद्यावर एखादी ओळ दाखवून तो तक्रार नोंदवतो.

म्हणजे संगणक कोणत्या पायरीवर अडला, यावरूनच दोष कुठे आहे याचा अंदाज येतो. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, तर वीज तपासा: स्विच, प्लग, केबल, यूपीएस. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर आधी पडद्याची स्वतःची वीज आणि केबल पाहा. काही संगणकांत पडदा जोडायला मागे दोन ठिकाणी खाचा असतात. चित्रांसाठी वेगळे कार्ड बसवलेले असेल, तर केबल त्या कार्डाच्याच खाचेत हवी. तेही ठीक असेल, तर रॅम या स्मृतिपट्टीचा संशय घ्यावा. तिच्या सोनेरी टोकांवर मळ चढतो किंवा ती किंचित सैल होते. ती काढून टोके मऊ खोडरबराने हलकेच पुसायची, रबराचे कण झटकायचे आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत पट्टी पुन्हा दाबून बसवायची, ही आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांची आवडती युक्ती आहे. आणि ती पुष्कळदा लागू पडते.

पण सावधान! पेटी उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे. त्यानंतर पेटीच्या धातूच्या भागाला हात लावावा. कारण हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत, नायलॉनच्या कपड्यांमुळे आपल्या अंगावर हजारो व्होल्टची स्थितिक विद्युत साचू शकते. साधारण ३००० व्होल्टपेक्षा कमी असेल, तर तिचा चटका आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला इजा व्हायला त्याहून पुष्कळ कमी दाब पुरतो. आणि एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार शिल्लक असू शकतो.

नव्या संगणकाला कामाला लावणे

संगणक जागा झाला, म्हणजे तो कार्यालयाच्या उपयोगी पडेलच असे नाही. नव्या माणसाला जसे काम समजावून सांगावे लागते, तसे संगणकालाही सांगावे लागते. तारीख, वेळ आणि भारताची प्रमाणवेळ लावायची. प्रत्येक वापरणाऱ्याचे वेगळे खाते उघडायचे आणि प्रोग्रॅम बसवण्या-काढण्याचे सर्वाधिकार एकाच खात्याकडे ठेवायचे. रोजच्या कामाच्या खात्याला ते अधिकार नसले, म्हणजे चुकून उघडलेली एखादी वाईट फाइलही फारसे नुकसान करू शकत नाही. कार्यप्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत आहेत ना, हेही पाहायचे. उदाहरणार्थ, विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

मराठी कार्यालयात आणखी एक मोठे काम असते, ते म्हणजे मराठी लिहिण्याची सोय. अनेक कार्यालयांत असा अनुभव येतो, की जुने मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. असे का व्हावे? जुन्या पद्धतीत संगणक आत साठवायचा इंग्रजी अक्षराचाच क्रमांक. फक्त फॉण्टमध्ये त्या जागी मराठी अक्षराचे चित्र काढलेले असे. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडतो आणि आतले इंग्रजी अक्षर उघडे पडते. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५. तो जगातल्या कोणत्याही संगणकावर ‘क’च असतो.

मराठी टंकलेखनाची इनस्क्रिप्ट ही कळरचना १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानकात आहे. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतेक उजव्या हाताला येतात. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर, ‘त’ आणि ‘थ’ एकाच कळीवर. शिफ्ट दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण होतो. बालवर्गात शिकलेली वर्णमाला येथे कशी उपयोगी पडते पाहा! ही रचना बहुतेक कार्यप्रणालींत आधीपासूनच असते. ती फक्त सुरू करावी लागते.

शेवटचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे प्रती ठेवणे. डिस्क ही कधी ना कधी बिघडणारच, असे धरून चालावे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, हा नियम सोपा आहे. शाळेचे जनरल रजिस्टर जळाले तर काय होईल, याची कल्पना केली म्हणजे त्याचे महत्त्व कळते.

जाळ्यातील बिघाड

आता आपल्या सोमवारच्या कार्यालयात परत जाऊ. गडबड ऐकून विज्ञानाच्या बाई तेथे आल्या. त्यांनी आल्या आल्या कशालाही हात लावला नाही. त्यांनी आधी विचारले, “हेच संकेतस्थळ दुसऱ्या संगणकावर उघडतं का?”

ग्रंथालयातला संगणक त्याच इंटरनेटवर चालत होता. तेथे संकेतस्थळ लगेच उघडले! म्हणजे संकेतस्थळ ठीक आणि इंटरनेटही ठीक. प्रयोगशाळेत आपण दोन रोपे ठेवतो, एकाला पाणी देतो, एकाला देत नाही, आणि तुलना करतो. तसाच हा प्रयोग होता. एका मिनिटात निम्मे तर्क बाद झाले.

अर्ज ग्रंथालयातल्या संगणकावर भरावेत, तर विद्यार्थ्यांची सगळी माहिती आणि छायाचित्रे कार्यालयातल्या संगणकात. आणि त्यांची दुसरी प्रत कोणी ठेवलेलीच नव्हती. हा संगणक सुरू होणे भागच होते.

मग बाईंनी पायरीपायरीने तपासायला सुरुवात केली. संगणकाच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. कार्यालयातील यंत्रांचे पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. हे पत्ते वाटण्याचे काम राऊटर करतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजावे, की राऊटरने उत्तर न दिल्यामुळे संगणकाने आपला पत्ता आपणच तयार केला आहे. अशा वेळी केबल, तिची खाच आणि राऊटर यांकडे पाहावे.

पत्ता ठीक असला, तर पिंग ही आज्ञा वापरावी. अमेरिकेतील माईक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीचा शोध घेताना जहाजावरून ध्वनीची लहर सोडतात आणि तिचा प्रतिध्वनी ऐकतात. त्या आवाजावरून हे नाव पडले. संगणक एक छोटा निरोप पाठवतो आणि पलीकडून ‘ओ’ येते का, किती मिलिसेकंदांत येते, हे मोजतो.

पहिली हाक स्वतःलाच मारायची, १२७.०.०.१ या पत्त्यावर. उत्तर आले, म्हणजे आपल्या संगणकातील जाळ्याचा प्रोग्रॅम ठीक आहे. दुसरी हाक राऊटरला. उत्तर आले, म्हणजे केबल ठीक. तिसरी हाक बाहेरच्या जगातील एखाद्या आकडी पत्त्याला. उत्तर आले, म्हणजे इंटरनेट ठीक. चौथी हाक एखाद्या संकेतस्थळाला, पण आकड्यांऐवजी नावाने. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नावावरून आकडा शोधून देणाऱ्या डीएनएस या सेवेत घोटाळा आहे. म्हणजे माणूस घरी आहे, पण आपली पत्त्यांची वही हरवली आहे!

आपण येथे तळापासून एकेक पायरी चढलो, कारण पायऱ्या चारच होत्या. पायऱ्या पुष्कळ असतील, तर मधूनच सुरुवात करावी. समजा, वाटेत १६ ठिकाणे आहेत आणि दोष त्यांपैकी एका ठिकाणी आहे. मध्यावर तपासले, तर ८ ठिकाणे बाद होतात. पुन्हा मध्यावर तपासा, ४ उरतात, मग २, मग १. सोळा ठिकाणांसाठी फक्त चार तपासण्या!

बाईंच्या चारही हाकांना उत्तर आले. म्हणजे वाट पूर्णपणे मोकळी होती. मग संकेतस्थळ का उघडत नव्हते?

न वाचलेली ओळ

“भाऊसाहेब, पडद्यावर काय लिहिलंय ते जरा वाचू या,” बाई म्हणाल्या.

आतापर्यंत लाल खूण सर्वांनी पाहिली होती, पण तिच्याखालचा मजकूर कोणीच वाचला नव्हता. त्याचा अर्थ एवढाच होता, की तुमच्या संगणकाचे घड्याळ मागे आहे. सर्वांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले. तेथे तारीख होती १ जानेवारी २०१७!

घड्याळ चुकले म्हणून संकेतस्थळ का अडावे? सुरक्षित संकेतस्थळाकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असते. ‘मी खरोखरच तेच संकेतस्थळ आहे’ हे ते सिद्ध करते. शाळेच्या ओळखपत्रावर जसे वर्ष असते, तशी या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. आता समजा, फाटकावरच्या रखवालदाराच्या हातात २०१७ चे कॅलेंडर आहे. तुम्ही चालू वर्षाचे ओळखपत्र दाखवले, तर तो म्हणणार, “हे वर्ष अजून उजाडलंच नाही. कार्ड खोटं आहे!” ब्राउझर नेमके हेच म्हणत होता. तो आपले काम चोख करत होता. चुकले होते ते कॅलेंडर.

बाईंनी तारीख आणि वेळ बरोबर लावली. दुसरे काहीही बदलले नाही. संकेतस्थळ उघडले. भाऊसाहेबांनी दुपारचा डबाही न उघडता अर्ज भरले आणि संध्याकाळपर्यंत शेवटच्या विद्यार्थ्याचा अर्ज गेला.

पण बाईंचे काम संपले नव्हते. घड्याळ सोमवारीच का चुकावे?

नाण्याएवढा गुन्हेगार

संगणकाच्या मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, क्वार्ट्झ स्फटिकाचे एक घड्याळ असते. हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा विचित्र आकडा का बरे निवडला असेल? त्याला २ ने भागा, पुन्हा २ ने भागा. असे बरोबर पंधरा वेळा भागले की उरतो १. निम्मे करत जाणे हे इलेक्ट्रॉनिक मंडलाला सर्वांत सोपे. त्यामुळे पंधरा टप्प्यांनंतर सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला पीसी बाजारात आला, तेव्हा त्यात असे घड्याळच नव्हते. दर वेळी संगणक सुरू केल्यावर तारीख हाताने लिहावी लागे. १९८४ च्या पीसी-एटी या नमुन्यात बॅटरीवर चालणारे घड्याळ आले. आजच्या डेस्कटॉप संगणकांत त्यासाठी बहुधा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा लिथियमचा सेल असतो. त्याचा आकडाच त्याचे माप सांगतो: २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर.

भिंतीवरचा स्विच चालू असतो, तोवर घड्याळाला वीज मिळते ती आपल्या समईकडून, म्हणजे एसएमपीएसच्या ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून. स्विच बंद झाला की भार सेलवर येतो. काही वर्षांनी सेल संपतो. पण स्विच चालू असेपर्यंत ते कोणाला कळतही नाही!

बाईंनी शिपाईमामांना विचारले, “मामा, शनिवारी शाळा बंद करताना तुम्ही काय काय बंद करता?”

“मेन स्विच पाडतो, बाई. यूपीएसही बंद करतो. एरवी रात्री मेन चालूच असतो. शनिवारी मात्र बंद करायचा, असा नियमच आहे,” मामा म्हणाले. मग जरा चाचरत त्यांनी विचारले, “म्हणजे हे माझ्यामुळं झालं का?”

“नाही मामा. सेल संपला होता. तुम्ही नियम पाळलात, म्हणून तर त्याचा पत्ता लागला.”

तरीही हा अजून तर्कच होता. तर्क खरा असेल, तर पुढे काय घडायला हवे, हे आधी सांगता आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी बाईंनी नववीच्या मुलांसमोर फळ्यावर दोन भाकिते लिहिली. एक: संगणक बंद करून भिंतीवरचा स्विच चालू ठेवला, तर घड्याळ टिकेल. दोन: स्विचही बंद केला, तर घड्याळ चुकेल. प्रत्येक वेळी दहा मिनिटे थांबून मुलांनी पाहिले. दोन्ही भाकिते खरी ठरली. मग प्लग काढून पेटी उघडली आणि सेल बाहेर काढला. प्रयोगशाळेतील मल्टिमीटरवर तो ३ ऐवजी २ व्होल्टही दाखवेना. भाऊसाहेबांनी बाजारातून नवा सेल आणला, तो बसवून तारीख लावली आणि दुसरा प्रयोग पुन्हा केला. आता स्विच बंद करूनही घड्याळ टिकले. रोज एफ-१ दाबून घालवली जाणारी ती इंग्रजी ओळही पुन्हा दिसली नाही. साठवलेल्या नोंदी नाहीशा झाल्या आहेत, हेच तर ती दर सोमवारी सांगत होती!

दुरुस्तीवाल्याचे काय चुकले?

दुरुस्तीवाला अप्रामाणिक नव्हता. त्याने दोन्ही वेळा संगणक खरोखर सुरू करून दिला होता. पण त्याने एकदम पाच गोष्टी केल्या. त्यांपैकी एकीनेच काम झाले होते, ती म्हणजे तारीख लावणे. आणि नेमके तिलाच त्याने किरकोळ समजून श्रेय ब्राउझरला दिले. एका वेळी एकच गोष्ट बदला, तिचा परिणाम पाहा, मग दुसरीकडे वळा, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम दुरुस्तीलाही लागू आहे.

दुसरा नियम नोंदीचा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकात बिघाड झाला. शोधताना एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तेथील लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीतच चिकटवून ठेवला. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत त्याआधीचीच. एडिसननेही १८७८ मध्ये हा शब्द वापरला होता. पण नोंदवही ठेवण्याची शिस्त होती, म्हणून तो पतंग आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात पोहोचला आहे. आपल्या शाळेच्या कार्यालयात अशी वही असती, तर ‘बिघाड: सोमवार, सोमवार, सोमवार’ हे दुसऱ्याच आठवड्यात डोळ्यांत भरले असते.

त्या दिवसापासून तेथे प्रत्येक संगणकाजवळ एक वही लोंबकळते आहे. तारीख, काय घडले, पडद्यावर कोणते शब्द आले, काय बदलले, परिणाम काय झाला, असे तिचे पाच रकाने आहेत. पहिली नोंद भाऊसाहेबांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात केली आहे.

करून पाहा

१. तुमच्या शाळेतील संगणकावर शिक्षकांच्या परवानगीने पिंगच्या चारही पायऱ्या करून पाहा. प्रत्येक हाकेला उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात, ते लिहून ठेवा. दूरच्या ठिकाणाहून उत्तर उशिरा येते का?

२. कागदावर १ ते १६ आकडे लिहा. मित्राने त्यांतला एक मनात धरावा. “आठपेक्षा मोठा का?” अशा प्रश्नांनी तो चार प्रश्नांत ओळखा. मग ३२ आकडे घेतले, तर किती प्रश्न लागतील?

३. ३२,७६८ ला पंधरा वेळा २ ने भागून पाहा.

४. जुना सेल कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. लहान मुलांच्या हाती तर तो मुळीच पडू देऊ नका. गिळला गेल्यास अन्ननलिकेला थोड्याच तासांत गंभीर इजा होते.

आणि पुढच्या वेळी एखादे यंत्र अडले, की ‘कोणी बिघडवलं?’ असे विचारण्याआधी पडद्यावरची ओळ शेवटपर्यंत वाचा.